बाकापासून पाळण्यांपर्यंत

तळ्याला एक फेरा घातला की दोन हजार एकशे चाळीस पावलं होतात. ही पावलं माझी नव्हेत, मोजणीदारांची आहेत. माझी थोडी जास्त भरतील, कारण मी बुटका आहे आणि चालताना विचार करतो. चालताना विचार करणारा माणूस मोजणीच्या कामाचा नाही, असं मोजणीदारांचं मत होतं.

गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. सरकारी मोजणी खात्यात साखळी ओढत त्यांनी उभा जन्म काढला होता. निवृत्त झाल्यावर साखळी सरकारजमा झाली, पण मोजायची सवय त्यांच्याकडेच राहिली. घरापासून विहीर, विहिरीपासून देऊळ, देवळापासून एसटीचा थांबा, सगळं त्यांनी पावलांनी मोजून एका वहीत उतरवलं होतं. धोतरावर खाकी कोट, कोटाच्या उजव्या खिशात दहा चिंचोके. शंभर पावलं झाली की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात जायचा. बोलणं सगळं मालवणी, पण आकडा आला की एकदम कचेरीतलं मराठी. "मसणवटो लांब नाय रे, फक्त आठशे तीस पावलं," असं ते बोलायचे, आणि त्या 'फक्त'मध्ये अख्खं खातं उभं राहायचं.

आमच्याकडे रस्त्यात भेटलेल्या माणसाला 'खंय चल्लात?' असं विचारावंच लागतं. विचारलं नाही तर भांडण आहे असं समजतात. मोजणीदार चालताना या प्रश्नाला उत्तर देत नसत. हात वर करून थांबा अशी खूण करायचे, शंभर पुरे करायचे, चिंचोका हलवायचे आणि मग मागे वळून म्हणायचे, "फिराक." तोवर विचारणारा पुढे गेलेला असायचा. नाक्यावरचा न्हावी त्यांना मुद्दाम छेडायचा.

"मोजणीदारांनू, काल मोजलेली वाट आज आखूड झाली की काय?"

हात वर. शंभर पुरे. मग उत्तर यायचं, "वाट तितकीच आसा. तुझी अक्कल मोजूक इलंय, पण ती माझ्या पावलात गावणा नाय."

मी त्या गावात हायस्कुलात शिक्षक म्हणून आलो तेव्हा नुसता मॅट्रिक होतो. आमचं घर कट्टा गावापासून आत, भातशेतीचं आणि काजूच्या चार कलमांचं. घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मला बाहेरून बी.ए.ला बसायचं होतं आणि त्यासाठी शांत खोली हवी होती. मोजणीदारांनी त्यांच्या घराच्या पडवीतली खोली दाखवली. आधी ते स्वतः आत गेले, भिंतीपासून भिंतीपर्यंत चालले आणि बाहेर येऊन म्हणाले, "सात पावलं लांब, चार पावलं रुंद. बी.ए.क पुरे." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं नकाशे काढायचं जुनं टेबल तिथे आणून ठेवलं. त्या टेबलावर मी बी.ए. झालो. आज जे काही माझं बरं चाललं आहे, ते त्या टेबलापासून सुरू झालं हे मी विसरलेलो नाही.

त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, आणि ती शंभरदा सांगून. शाळेच्या कामासाठी, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी मी अर्ज लिहून देत असे. शिकलेला माणूस म्हटल्यावर ते माझ्याकडेच यायचं. लिहायला बसलो की मोजणीदार पडवीच्या दारात उभे राहायचे.

"खयचो अर्ज?"

"पाणंदीचो, आबा. पावसात पाणी भरता म्हणान."

"तू बघून इलंस?"

"नाय. तेणा सांगल्यान."

"मगे पेन खाली ठेव. आधी चलान ये, मगे लिव. जी जागा पायांखालसून गेली नाय, ती कागदावर येता नये."

मी कुरकुरत जायचो. तीन-चारदा असं झालं की जाऊन आल्यावर अर्ज निराळाच लिहावा लागला.

घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. बायको आधीच वारली होती. मुलीला ते 'बाय' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. बाय माझ्याच वयाची. तिला बेळगावला दिली होती. लग्नानंतर दोन वर्षांनी तिला क्षय झाला आणि सासरच्यांनी तिला गाडीत बसवून परत पाठवलं. मोजणीदारांनी तिला मिरजेला नेऊन वर्षभर ठेवलं. मी राहायला गेलो तेव्हा ती परत आलेली होती. थुंकीत आता जंतू नाहीत, असा मिरजेच्या डॉक्टरांचा कागद होता. तो कागद मोजणीदारांनी नकाशासारखा गुंडाळून पत्र्याच्या नळीत ठेवला होता. बायला रोज संध्याकाळी तास-दीड तास मोकळ्या हवेत बसवा, असं त्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी कागद वाचला होता. तरी माझा पाण्याचा तांब्या मी वेगळा ठेवत असे. हे इथे लिहिलं पाहिजे.

बाय माझ्या परीक्षेची तयारी करून घ्यायची. ती मधल्या खोलीत खिडकीपाशी बसायची, मी पडवीत. माझ्या इतिहासाच्या वह्या तिच्याकडे असत. "मास्तर, पानिपत?" मी साल सांगायचो. "कारणां?" मी चार सांगायचो. "पाचवा खंय गेला?" पाचवं मला कधी आठवत नसे. ती हसायची आणि मग खोकायची, आणि मी खिडकीपासून थोडा मागे सरकायचो. तिला ते दिसत असणारच. ती कधी बोलली नाही.

त्याच सुमारास नगरपालिकेने तळ्याकाठी बाग केली. सिमेंटची बाकं, मेंदीचं कुंपण, लहान मुलांसाठी लोखंडी पाळणे आणि खांबावर रेडिओचा कर्णा. संध्याकाळी सातला रेडिओवर बातम्या लागायच्या आणि अर्धं गाव तिथे जमायचं. आमच्याकडे बाग म्हणजे माड-पोफळींची. फिरायची बाग ही गोष्टच नवी होती. माझी आई एकदा गावाहून मला भेटायला आली, तिला मी हौसेने तिथे नेलं. तिने चहूकडे बघितलं.

"बागेत काय लायलानी?"

"काय नाय गो आये. बसाक आसा."

"बसान काय करतत?"

"हवा खातत."

"घराकडे हवा नाय?"

मोजणीदार आणि बाय नेहमीप्रमाणे तळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या बाकावर बसले होते. आई बाकावर बसली नाही, बायच्या पायाशी गवतावर बसली. तिची हनुवटी धरून म्हणाली, "कित्याक गो सुकलंस अशी? खाणां-जेवणां धड करूक नको?" आणि स्वतःच्या अंबाड्यातला अबोलीचा वळेसर काढून तिच्या केसांत माळला. परत येताना मी आईला आजाराचं सांगितलं. ती रस्त्यात थांबली.

"आधी कित्याक सांगूक नाय माका?"

मी चालायला लागलो.

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "बरा केलंस. सांगलं असतंस तर मी हात लावूक नसतंय."

त्या कोपऱ्यातल्या बाकाची निवड मोजणीदारांनी फार विचाराने केली होती. बागेचं फाटक आणि पाळणे पश्चिमेला, म्हणजे समुद्राच्या अंगाला. संध्याकाळचा वारा तिकडून येतो. बाक पूर्वेला, तळ्याच्या टोकाशी. बाय खोकली तरी तो खोकला मागच्या शेतांकडे जाणार. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही.

दोन-चार महिने कोणी काही बोललं नाही. मग कुजबुज सुरू झाली. आमचे हेडमास्तर सज्जन माणूस होते. त्यांचा धाकटा भाऊ याच आजाराने गेला होता आणि त्यांची दोन नातवंडं त्या पाळण्यांवर खेळत. एका दुपारी त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावलं.

"बसा. नगरपालिकेला एक अर्ज द्यायचा आहे. सतरा पालक सह्या करणार आहेत. मजकूर तुम्ही लिहा. तुमची भाषा चांगली आहे."

कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, "सर, मी त्यांच्या घरी राहतो."

"म्हणून तर म्हणतो. तुम्ही लिहिलंत तर त्यात द्वेष असणार नाही. आणि हो, तुम्हाला जूनमध्ये कायम करायचं आहे, ते माझ्या लक्षात आहे."

धमकी म्हणून ते बोलले, असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या खरंच लक्षात होतं. पण मी पेन उघडलं. 'सदर रुग्ण बसत असलेले बाक लहान मुलांच्या पाळण्यांलगत असून सायंकाळी वारा बाकाकडून पाळण्यांकडे वाहत असल्याने संसर्गाचा धोका संभवतो.' हेडमास्तर सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. 'लगत' हा शब्द लिहिताना पेन थोडं अडखळलं. पण वाक्य चांगलं झालं होतं. खाली अठरावी सही माझी.

पंधरा दिवसांनी नगरपालिकेचा शिपाई घरी नोटीस देऊन गेला. संसर्गजन्य रोग्यांना उद्यानात आणू नये. सोबत अर्जाची नक्कल हवी म्हणून मोजणीदार स्वतः कचेरीत गेले. पण नक्कल करायचा कारकून रजेवर होता, म्हणून त्यांना मूळ अर्जच बघायला दिला आणि नक्कल त्यांनी आपल्या हाताने उतरवून घेतली. त्यांच्या हातून माझं वाक्य न् वाक्य गेलं. खालची अठरा नावंही.

त्या संध्याकाळी ते पडवीत आले. मी उभा राहिलो.

"अक्षर बरा आसा तुझा," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

खिडकीतून बायचा आवाज आला. "मास्तर, वही हाडा. आज फ्रेंच राज्यक्रांती आसा ना?" मी वही दिली. तिने दोन पानं उलटली. "वहीत अक्षर किरटा काढतात तुमी. बाबा म्हणालो, अर्जात बरा काढलास." मग नेहमीसारखं विचारलं, "कारणां?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीदार कोट घालून माझ्या दाराशी उभे होते. "चल."

बागेत कोणी नव्हतं. पूर्वेच्या बाकापाशी नेऊन त्यांनी दहा चिंचोके माझ्या हातात दिले. "पाळण्यांकडे जा. मोजून ये. इचार करू नको."

मी गेलो. पाळण्यापाशी पोचलो तेव्हा दोन चिंचोके हललेले होते आणि वर बारा पावलं झाली होती. परत येऊन सांगितलं, "दोनशे बारा."

"सांजेक वारो खंयसून येता?"

"पाळण्यांकडसून."

"बरा. आता लिव."

घरी टेबलावर मी दुसरा अर्ज लिहिला. अंतर, वाऱ्याची दिशा, मिरजेच्या डॉक्टरांचा कागद, सगळं त्यात आलं. मोजणीदार मागे उभे होते. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी खाली अर्जदार म्हणून सही केली आणि कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला.

"मोजणाऱ्याची सही."

"आबा, तुमची आसा मां?"

"माझी चलाची नाय. आपल्या जमिनीची मोजणी आपण करूची नाय, ह्यो खात्याचो नियम. बाय माझा चेडू आसा. माझे आकडे कोण धरतलो? म्हणान तुका चलयलंय."

तेव्हा मला कळलं की सकाळी त्यांनी मला शिक्षा केली नव्हती. ज्याचं अंतर कोणी खोटं म्हणणार नाही असा एक माणूस त्यांना हवा होता. अठरांपैकी एकाने चालून बघून आकडा दिला असता, तर नगरपालिकेला तो वाचावा लागला असता. आणि तो एक माणूस त्यांच्याच पडवीत राहत होता.

जूनला दीड महिना होता. मी पेन हातात धरून बसलो. घरून आलेलं आईचं पत्र टेबलावर होतं, शेजारच्या पोराकडून लिहून घेतलेलं, 'कायम झालंस की कळव' असं. मी किती वेळ बसलो ते मोजलं नाही. मोजणीदारांनी मोजलं असेल.

"रवांदे," ते म्हणाले. "नोकरी नवी आसा तुझी."

माझ्या हातातून पेन घेऊन त्यांनी अंतराचं आणि वाऱ्याचं वाक्य खोडलं. सही नसलेली मोजणी कागदावर ठेवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मग स्वच्छ कागद घेऊन उरलेला अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहून काढला. त्यात आता नुसती विनंती उरली होती. त्या अर्जाला उत्तर आलं नाही. मी जूनमध्ये कायम झालो.

नोटिशीनंतर बाय परसात विहिरीच्या कठड्यापाशी बसू लागली. तिथे दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, वारा फिरकत नसे. मोजणीदार तिच्याभोवती विहीर ते न्हाणी, न्हाणी ते विहीर असे फेऱ्या घालत, पण चिंचोके खिशातच राहत. पुढच्या पावसाळ्यात बायला ताप येऊ लागला. मिरजेला न्यायचं ठरलं तेव्हा घाटात दरड पडून रस्ता बंद झाला होता. तो सुटायच्या आधीच, श्रावणातल्या एका दुपारी, ती गेली. बागेतली हवा बंद झाली म्हणून ती गेली असं कोणी म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले, हा आजार उलटतो. मोजणीदारांनी मला कधीच काही म्हटलं नाही. मीच इतकी वर्षं दोन्ही बाजूंनी मोजतो आहे आणि माझा आकडा दर वेळी वेगळा येतो.

न्यायला आम्ही सातच माणसं होतो. हेडमास्तर आले होते आणि त्यांनी खांदा दिला. मोजणीदार कोट न घालता निघाले. वाटेत न्हाव्याने दुकान अर्धं बंद करून हात जोडले. मी मोजणीदारांच्या हातांकडे बघत होतो. ते नुसते लोंबत होते. आठशे तीस पावलं त्यांनी न मोजता पार केली.

माझा निकाल त्यानंतर महिन्याभराने लागला. मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते वही उघडून बसले होते. पाया पडलो. त्यांनी पेढा घेतला, तिच्या खिडकीत ठेवला आणि पुन्हा वहीत बघू लागले.

ते पुन्हा बागेत जाऊ लागले होते. एकट्याने जायला हरकत नव्हती. पूर्वेच्या त्याच बाकावर बसायचे. मी कधी त्यांच्याबरोबर गेलो की पाच मिनिटांनी म्हणायचे, "पाळण्यांकडे जावन ये." मी जायचो, पोरांच्या गर्दीत पाळण्याच्या खांबाला हात लावून परत यायचो आणि आकडा सांगायचो. दोनशे बारा. एकदा दोनशे चौदा आले तर म्हणाले, "इचार केलंस." पुन्हा पाठवलं. हेडमास्तरांचा नातू एकदा मला म्हणाला, "सर, तुम्ही सारखे इथे येऊन खांबाला हात का लावता?" मी सांगितलं, व्यायाम.

बी.ए. झाल्यामुळे मला तळेरे गावाच्या बाजूला एका नव्या हायस्कुलात बरी जागा मिळाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बाकावर त्यांच्या शेजारी बसलो. कर्ण्यावर कोणीतरी गात होतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "जावन ये."

मी गेलो आणि आलो. "दोनशे बारा."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. घड्यांवर तो फाटत आला होता. त्यांच्या अक्षरातली ती नक्कल होती, माझ्या अर्जाची. त्यांनी ती उलटी करून कोरी बाजू वर केली, वही खाली धरली आणि मला पेन दिलं.

"लिव."

मी लिहिलं. बाकापासून पाळण्यांपर्यंत दोनशे बारा पावलं. सायंकाळचा वारा पाळण्यांकडून बाकाकडे. समक्ष चालून मोजले.

"सही."

मी सही केली. त्या दिवसांत नावापुढे बी.ए. लिहायची मला फार हौस होती. शाळेच्या हजेरीपटावरही लिहीत असे. तिथे मी नुसतं नाव लिहिलं आणि पेन परत दिलं.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. सूर्य तळ्यामागे गेला होता, पण वाचण्याइतका उजेड होता. पेन त्यांनी पुन्हा माझ्या हातात दिलं.

"फुडे बी.ए. लिव," ते म्हणाले. "पाठांतर तिना घेतलेला."

मी लिहिलं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि तो आतल्या खिशात ठेवला.